शेरा : घर बंद

हेल्मेटला चरासुद्धा नव्हता.
अजून टांगलंय ते दाराआड, खिळ्याला,
आणि हरेश्वर रोज विचारतो, हे कुणाचं?

तुर्भ्याच्या पुलाखाली दुभाजकाला गाडी लागली.
रक्त नाही, टाका नाही.
फक्त डोकं थांबलं
आणि आतला मेंदू क्षणभर उशिरा थांबला.

डॉक्टर माझ्याशी फार बोलले नाहीत.
मी महाप्याच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूचे काप काढते,
मेणात बसवून, पाच-पाच मायक्रॉनचे;
न सांगितलेलं मला दिसतं.
चांदीच्या रंगात काळे पडलेले तंतू,
ताणून तुटलेले,
टोकाशी फुगलेले टाचणीच्या डोक्यांसारखे.
निघालेला माल वाटेतच साठून राहिलेला.

आई विचारते, म्हंजे नक्की झाला काय गो?
तिला मी खारजमिनीतून सांगते.
आये, बांधाला खांड पडली.
पेशीची उघाडी मोडली
आणि बाहेरचं कॅल्शियम
उधाणाच्या भरतीसारखं आत शिरलं.
पाणी ओसरलं गं, लगेच ओसरलं.
पण खार चढलेल्या शेतात
दुसऱ्या वर्षी भात होतो का?
ती मान हलवते.
तिच्या शेतावर आता सेक्टर अकरा आहे.

पुढचं मी तिला सांगत नाही.
पुढचं आमच्या गावठाणात होऊन गेलंय.
एक प्रथिन येतं आणि पेशींच्या जोडांवर खुणा करून जातं,
गरजेपोटी बांधलेल्या घरांवर
लाल रंगात आकडे टाकून गेले होते, तसं.
मागून सफाईच्या पेशी.
ढिगारा उचलायला आलेल्या त्या
धडधाकट जोडही गिळतात,
आत चूल पेटलेली असताना.
महिने उलटतात तरी त्यांना
काम संपल्याचं कुणी कळवत नाही.

आणि तो समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग,
जिथे आजचा दिवस उद्यासाठी ठेवला जातो...
(बाबांच्या जाळ्यात एकदा आला होता समुद्रघोडा.
काडेपेटीत वाळवून ठेवला होता त्यांनी.
काडेपेटी कुठे गेली, मलाही आठवत नाही.)
तिथे नव्या पेशी जन्मतात, घाईघाईने, गरजेपेक्षा जास्त,
आणि भलतीकडेच जाऊन बसतात,
साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळावा तशा:
जमीन गेली एका गावची,
प्लॉट तिसऱ्याच नोडमध्ये,
शेजारी कोण, पत्ता नाही.

पंधरा वर्षं विजेचे मीटर वाचले हरेश्वरने.
वाशीचा सेक्टर आठ आणि कोपरखैरण्याचा सेक्टर आठ
यांत त्याची कधी गल्लत झाली नाही.
कुठल्या जिन्यात कुत्रं सोडलेलं असतं,
कोण मीटरसमोर सायकल लावून ठेवतं,
अजून सगळं सांगतो.
मी चहा ठेवून वळले की मात्र,
कुंदे, कधी आलीस?
आत्ताच, म्हणते मी.
सकाळपासून नऊ वेळा आत्ताच आलेय.

लॅबमध्ये दुपारच्या डब्याला वाद चालतो:
आठवण पुसली जाते,
की तिथेच असते आणि वाट तेवढी बुजते?
पुसलेली मिळायची नाही.
बुजलेली, कुणी सांगावं.
मी गप्प जेवते. भाकरी मोडताना
मला त्याचीच एक जुनी गोष्ट आठवते.

दाराला कुलूप असलं की तो वहीत शेरा मारायचा, घर बंद.
ऑफिस सरासरीने बिल काढायचं.
लोक भांडायला यायचे,
आम्ही इथे नव्हतोच तर वापर कसला?
हा हसून म्हणायचा,
रीडिंग मिळालं नाही म्हणजे वापर झाला नाही
असं नसतं, काका.
घर बंद असलं तरी
आत फ्रिज चालू असतो.

आज संध्याकाळी मी त्याला पेन्सिल दिली, कोरी वही दिली,
आमच्याच जिन्याखालच्या मीटरसमोर उभं केलं.
त्याने आकडा टिपला. अक्षर अजून तसंच, उजवीकडे झुकलेलं.
मागचं रीडिंग? त्याने विचारलं.

मागचं नाही, मी म्हटलं.
आजपासून धरू.

त्याने मान डोलावली,
टॉर्च विझवला,
आणि जिन्याच्या अंधारात वळून माझ्याकडे बघितलं.
कुंदे,